माडीवरचा कॉम्प्युटर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक खटला चालतो. आरोपी म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू, न्यायाधीश अर्थातच सौ., आणि अंमलबजावणीला भंगारवाला दारात उभा. वडिलांची छत्री, तळ गेलेला कुलर, एका चाकाची ट्रायसिकल हे जुने गुन्हेगार; तारखांवर तारखा घेऊन ते आजवर सुटत आले आहेत. २०२५ च्या दिवाळीत मात्र माडीवरच्या कॉम्प्युटरची फाशी जवळजवळ कायम झाली होती. "सहा वर्षांत एकदा तरी चालू केलात का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फक्त अपिलाची मुदत मागितली. कारण त्या डबड्यात आई होती.

हे जरा नाट्यमय झाले, खुलासा करतो. २००४ साली, बँकेतून मिळालेल्या कर्जावर, मी हा कॉम्प्युटर घेतला. गावातल्याच एका दुकानदाराने सुटे भाग जोडून तो तयार केला होता. पेंटियम ४ प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, ४० जीबीची हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी. आज खिशातल्या साध्या फोनलाही या आकड्यांचे हसू येईल, पण तेव्हा शेजारपाजारचे लोक बघायला आले होते. मराठी टंकनासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतले. त्याबरोबर काडेपेटीएवढे एक करडे 'लॉक' आले. ते प्रिंटरच्या रुंद सॉकेटमध्ये मागे खोचून ठेवायचे. ते नसले तर सॉफ्टवेअर उघडत नसे. चोरून प्रत काढू नये म्हणून ही तजवीज.

२००५ च्या उन्हाळ्यात आईला म्हटले, तू तुझ्या आठवणी सांग, मी टाइप करतो. आईचा जन्म १९३२ चा. आधी ती लाजली, मग रागावली, आणि मग सुरू झाली ती थांबेना. मी बँकेतून आल्यावर चहा घेऊन माडीवर बसायचो, ती पलंगावर पाय लांब करून सांगायची. चार फायली झाल्या, ११८ पाने. एक प्रत छापून, पंचिंग करून, खालच्या कपाटात ठेवली. २००८ साली आई गेली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गावभागात शिरले, तेव्हा खालचे कपाट तीन दिवस पाण्यात होते. कागदाचा जो लगदा हाती आला त्यात 'आई' हा शब्दसुद्धा वाचता येत नव्हता. कागद टिकतो, यंत्रे जातात, असे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. इथे यंत्र माडीवर कोरडे राहिले आणि कागद वाहून गेला.

वाचक विचारतील, सीडी काढून ठेवली नव्हती का? ठेवली होती, २००६ साली. सांगलीच्या पावसाळी हवेत तिच्या चकचकीत थराला बुरशीसारखे डाग पडले होते आणि ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये वाचली जात नव्हती. मग पुरानंतर लगेच फायली का नाही काढल्या? याचे उत्तर देताना मला लाज वाटते. अडतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची नोंद दोन-दोन ठिकाणी ठेवली, स्वतःच्या बाबतीत 'बघू पुढच्या रविवारी' म्हणत सहा वर्षे काढली.

असो. कॉम्प्युटर झाडला, बटण दाबले. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरे आली आणि यंत्र अडून बसले: तारीख-वेळ हरवली आहे, पुढे जायला अमुक बटण दाबा. तारीख दाखवत होती १ जानेवारी २००४. कॉम्प्युटर बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू ठेवणारा एक बटणासारखा सेल आत असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की यंत्राला आपण कोणत्या सालात आहोत हे कळत नाही आणि ते जन्मतारखेपाशी जाऊन बसते. त्याच्या हिशेबाने आई अजून होती. आठवणी सांगायला तिला अजून सव्वा वर्षाचा अवकाश होता.

हा सेल म्हणजे क्षुल्लक गोष्ट, तीस रुपयांची. पण यावरून पुष्कळ चांगले कॉम्प्युटर भंगारात गेले असतील. 'नेट चालत नाही, कुठलीच साइट उघडत नाही' अशी तक्रार घेऊन लोक दुकानात येतात, आणि दोष निघतो तारखेचा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असते, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. कॉम्प्युटरला वाटते आज २००४ साल आहे. मग २०२५ चे प्रमाणपत्र त्याला पुढच्या तारखेच्या चेकसारखे दिसते आणि तो ते परत करतो. आमच्या काउंटरवरचा कोणताही कॅशियर हेच करील.

सेल बदलला. एक्सपीची ती ओळखीची पट्टी सरकू लागली, आणि मग आतून आवाज आला: टिक, टिक, टिक. थोडा वेळ शांतता, पुन्हा टिक टिक. पडदा निळा झाला.

भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, डिस्क चाललीय. आता कृपा करून काही दुरुस्त करायला जाऊ नका. बटण बंद करा आणि हात लावू नका." त्याचा स्वर ऐकून मला डॉक्टरांची आठवण झाली. जुन्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. टिकटिक म्हणजे त्या टोकाला जागा सापडत नाही. अशा वेळी डिस्क 'तपासणारा आणि दुरुस्त करणारा' प्रोग्राम चालवला तर तो खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोके आपटतो, आणि उरलेसुरले घालवतो. विंडोज पुन्हा टाकणे तर त्याहून वाईट. ते जुन्यावर नवे लिहिते. आधी नक्कल, मग दुरुस्ती. घरोघरी हीच चूक उलट क्रमाने होते.

हे मला खरे तर कुणी शिकवायला नको होते. मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा लेजर हातांनी लिहीत होतो. १९८३ साली बँका आणि कामगार संघटना यांच्यात यंत्रे वापरण्याबद्दल करार झाला, १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढे काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले. आम्ही त्याविरुद्ध घोषणा दिल्या होत्या, हेही सांगून टाकतो. पण त्या यंत्राबरोबर आलेली शिस्त वाखाणण्यासारखी होती. दिवसअखेर नक्कल काढल्याशिवाय कुलूप लागत नसे. १९९९ च्या डिसेंबरात तर जगभर धसका होता की, सालाचे दोनच आकडे साठवणारी यंत्रे २००० ला १९०० समजतील आणि ठेवींवर शंभर वर्षांचे उलटे व्याज लावतील. आम्ही सगळ्या खात्यांच्या शिलका कागदावर छापून घेतल्या होत्या. गठ्ठे इतके झाले की स्ट्राँगरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या वर्षी सगळे सुरळीत चालले, तेव्हा लोक म्हणाले, उगीच बाऊ केला. सुरळीत चालले ते आधी दोन-तीन वर्षे हजारो माणसांनी जुन्या प्रोग्रामच्या ओळीन् ओळी तपासल्या म्हणून, हे फारसे कुणी बोलले नाही. डागडुजीचे नशीबच असे: ती नीट झाली की दिसत नाही.

बसस्टँडजवळ एक पंचविशीतला मुलगा दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याच्याकडे डिस्क घेऊन गेलो. त्याने ती पिशवीतून काढून नुसती हातात तोलली. मागचे चाळीस पिनांचे रुंद तोंड बघून म्हणाला, "काका, ही माझ्या शाळेतली." पण त्याच्या खणात त्या तोंडाला यूएसबीत बदलणारी जोडणी होती. त्याने स्वतःचा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून लिनक्सने सुरू केला. लिनक्स अशी नुसती पेनड्राइव्हवरून चालते, यंत्राच्या डिस्कला हात न लावता. पाहुणा जसा स्वतःचे अंथरूण घेऊन येतो तशी. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. त्याची रीत मला फार आवडली. तो खराब जागेपाशी अडून बसत नाही. आधी जे सहज वाचता येते ते सगळे भराभर उतरवून घेतो, अडलेल्या जागांची यादी ठेवतो, आणि मग त्या जागांकडे सावकाश, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी जातो. थकबाकीची वसुली आम्ही नेमकी अशीच करायचो.

रात्रभर ते काम चालले. सकाळी मुलाचा फोन आला: ४० जीबीपैकी काही डझन केबी सोडून सगळे उतरले. मी एकदम खाली बसलो.

आता थोडे सुधारणेविषयी, कारण नव्या जागी ठेवल्याशिवाय या फायलींचा उपयोग नव्हता. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, असे सौ. ने मला त्या आठवड्यात विचारले. मी म्हटले, शाखेतला अकाउंटंट. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. पण कोणता क्लार्क कोणत्या काउंटरवर, तिजोरीची किल्ली कुणाकडे, कोणते लेजर कुठल्या कपाटात, हे त्याच्याशिवाय हलत नाही. आणि 'सपोर्ट संपला' म्हणजे? म्हणजे हेड ऑफिसची सर्क्युलरे बंद झाली. 'अमुक पद्धतीने फसवणूक होते आहे, तमुक दार बंद करा' असे जे कागद दर महिन्याला येत, ते यापुढे येणार नाहीत. शाखा दुसऱ्या दिवशीही उघडते, व्यवहार होतात, काही बिघडले असे वाटत नाही. पण नव्या शाखांना गेलेली सर्क्युलरे चोरही वाचतात, आणि त्यातून त्यांना कळते की जुन्या शाखेचे कोणते दार उघडे आहे.

एक्सपीची सर्क्युलरे ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची साथ आली तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. बहुतेक ठिकाणी दोष एवढाच होता की, दोन महिने आधी आलेली दुरुस्ती कुणी लावली नव्हती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा नियम मोडून मेलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. आपल्याकडची कित्येक एटीएम यंत्रे तोवर एक्सपीवरच चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तारखा ठरवून देऊन ती वर्षभरात बदलायला लावली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मीही त्या तक्त्यांवर सह्या केल्या आहेत. आणि संध्याकाळी घरी येऊन माडीवर बघावे, तर माझेच एक्सपी!

आमच्या घरात दुसरे यंत्र म्हणजे २०१६ चा लॅपटॉप, विंडोज १० वरचा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय ठेवली होती. पण विंडोज ११ या लॅपटॉपवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची किल्ल्यांची तिजोरी लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा सहाव्या पिढीतला. सुरक्षेच्या दृष्टीने या अटींना अर्थ आहे, हे मी मान्य करतो. पण ज्याच्या कळा, पडदा, बिजागरी सगळे ठणठणीत आहे त्याला केवळ पिढीवरून घरी बसवायचे, हे सक्तीच्या निवृत्तीत गेलेल्या माणसाला पटायला जड जाते.

दुकानातल्या मुलाने तोडगा काढला. आत मेमरीसाठी एक खाच रिकामी होती. चाराची आठ जीबी केली. फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, २४० जीबीची, मला १९०० रुपयांना पडली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. वाचकांपैकी कुणाचा जुना कॉम्प्युटर 'फार स्लो झालाय' असेल तर दहातले आठ वेळा दुखणे इथे असते, हा माझा आता अनुभवाचा सल्ला. लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वी माझा चहा होत असे. आता कप हातात घेईस्तोवर तो तयार असतो. मग त्यावर लिनक्स मिंट टाकली. फुकट असते, २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती आहे. पहिले आठ दिवस मी चिडचिड केली. प्रिंटर ओळखीचा होईना, बँकेची एक सही करण्याची यूएसबी त्यावर चालेना. त्यासाठी अजून भाच्याच्या घरी जावे लागते. ज्यांना आयकर किंवा कंपनीच्या कामासाठी विंडोजचेच सॉफ्टवेअर लागते त्यांनी या फंदात पडू नये. मला लिहायचे आणि वाचायचे होते.

आणि वाचायला गेलो तर आई वाचता येईना.

फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, डॉलरची चिन्हे यांचा चिखल. झाले होते असे: २००५ सालचे माझे सॉफ्टवेअर 'क' म्हणून क साठवतच नव्हते. ते एखादे इंग्रजी चिन्ह साठवायचे आणि वर फाँटचे मराठी सोंग चढवायचे. सोंग उतरले की खाली इंग्रजी. शिवाय प्रत्येक कंपनीचे सोंग निराळे. एकीचा क तो दुसरीचा म. युनिकोड ही साऱ्या जगाची एकच अक्षरवही १९९१ सालीच निघाली होती आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. माझ्या एक्सपीतसुद्धा ती सोय होती. मूळ सीडी घालून एका चौकोनात खूण करायची, एवढेच. मला ते तेव्हा कुणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

जुना फाँट डिस्कच्या नकलेत सापडला. तो बसवल्यावर आई पडद्यावर दिसू लागली, पण सोंगातच. ते पान नातीच्या फोनवर पाठवले की पुन्हा चिखल. तेव्हा अक्षरे बदलणे भाग होते. मी जुन्या सवयीने आडव्या वहीत तक्ता आखला: डावीकडे साठवलेले चिन्ह, उजवीकडे मराठी अक्षर. पावणेदोनशे नोंदी झाल्या. भाच्याने त्यावरून एका संध्याकाळी प्रोग्राम लिहिला.

पहिला निकाल पाहून आम्ही दोघेही हसलो. टाइपरायटरच्या वळणाने मी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारत असे, जशी ती डोळ्यांना दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते. त्यामुळे सगळ्या पहिल्या वेलांट्या निराधार झाल्या आणि ठिपक्यांच्या वर्तुळांवर जाऊन बसल्या. रफाराचे उलटे: तो मी शेवटी मारायचो. म्हणून 'वर्ष'चे 'वषर्' झाले, 'सूर्य'चे 'सूयर्', आणि बँकवाल्यांचा जीव की प्राण जो 'मार्च', त्याचा 'माचर्'. असे शब्द तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असतील. ते अशाच अर्ध्या राहिलेल्या स्थलांतराचे बळी. भाच्याने वेलांटी एक अक्षर पुढे आणि रफार एक अक्षर मागे न्यायचा नियम घातला. मग जोडाक्षरांनी गोंधळ घातला, तो तीन दिवस पुरला.

सगळे झाले असे वाटले, आणि आईच्या लग्नाच्या वर्णनात वाचले: 'आचार्यांनी पहाटेपासून जिलेब्या तळल्या.' मी चमकलो. आमच्या आजोबांनी लग्नाला कोणते आचार्य बोलावले होते? मग ध्यानात आले, ते आचारी होते! 'आचाऱ्यांनी' मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र भाच्याने रफाराच्याच खान्यात टाकला होता. त्याला फोनवर सांगितले तर म्हणतो, "दोन्ही र्-च ना, मामा?" इंग्रजी माध्यमाचा मुलगा, त्याचा दोष नाही. दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी यांतले अंतर राखणारी ही खूण आपल्या मराठीची. तक्त्यात एक ओळ बदलली आणि पानोपानीचे 'दुसर्या', 'बिचार्या' जागेवर आले. तरीही मी ११८ पाने मोठ्याने वाचून काढली. यंत्राच्या टोटलवर सही करण्याआधी एकदा हाताने बेरीज करायची सवय जात नाही.

न उतरलेल्या त्या काही डझन केबीत बहुतेक एक्सपीचेच सामान होते. पण डिस्कचा एकेक खण ५१२ चिन्हांचा असतो, आणि असे दोन लागोपाठचे खण तिसऱ्या फायलीत गेले होते. हजारभर चिन्हे, म्हणजे सुमारे अर्धे पान. आणि ते नेमके २४ जुलै १९४३ चे. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. आई तेव्हा अकरा वर्षांची. वाक्य असे आहे: 'गोळ्यांचे आवाज आले तेव्हा आई चुलीपुढे होती आणि मी'. पुढे रिकामे चौकोन. ते संपतात तिथे रात्र झालेली आहे आणि आजोबांनी आळीत कुणाला कंदिलाची वात मोठी करू दिली नाही असे लिहिले आहे.

मी स्वतः ते वाक्य टाइप केले होते. वीस वर्षांपूर्वी, माझ्या या बोटांनी. मला त्यातले अक्षरही आठवत नाही. डिस्क मुंबईच्या एका स्वच्छ खोलीवाल्या प्रयोगशाळेला पाठवून पाहिली. तिथूनही त्या दोन खणांबाबत नकार आला.

बेळगावला मोठ्या बहिणीला फोन केला. ती आईकडून हे सगळे लहानपणी ऐकत असे. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "अरे, दूध उतू गेलं म्हणायची बघ. चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि कुणी उठलंच नाही. पण ते जेल फोडलं त्या दिवशी, का गांधीजी गेले त्या दिवशी, ते मला आता छातीठोकपणे नाही सांगता यायचं."

मी दोन्ही लिहून ठेवले आहे, कंसात, बहिणीच्या नावानिशी.